वासाचा धडा आणि सेरोटोनिन: "आनंदाचं रसायन" एवढ्यावर थांबू नका

कृष्णाकाठची (सांगली)

सेरोटोनिन म्हटलं की "आनंदाचं रसायन" हे उत्तर ठरलेलं. आरोग्य पुरवणीत तेच, उत्तरपत्रिकेत तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांतही तेच. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि हे वाचताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण या रेणूचं सगळ्यात विलक्षण काम त्या उत्तराखाली झाकलं जातं. ते काम उघड दिसतं वासाच्या अभ्यासात. म्हणून हा धागा काढते आहे.

१९४८ साली हा पदार्थ रक्तरसातून वेगळा काढला गेला. पुढं १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि अर्व्हाइन पेज यांनी तो सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचं दाखवलं. शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन अन्नातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून स्वतः बनवतो. ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, मधोमध, "राफे" नावाच्या भागात असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांतल्या या जेमतेम काही लाख. पण त्यांचे धागे मेंदूच्या कानाकोपऱ्यात पोचतात, आणि वासाच्या पहिल्याच ठाण्यात त्यांची दाटी असते.

हे पहिलं ठाणं म्हणजे नाकाच्या छतालगत वर असलेला ऑलफॅक्टरी बल्ब. नाकातल्या वासग्राही प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. माणसात अशी कामाची जनुकं सुमारे ४००, उंदरात हजाराहून जास्त. एका प्रकारच्या ग्राहींचे तंतू बल्बमध्ये ठरावीक गुच्छांत एकत्र येतात, तिथून संदेश थेट वासाच्या कॉर्टेक्सकडं, म्हणजे मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागाकडं, जातो. डोळा किंवा कान यांचा संदेश आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यातून जातो, वासाला ते बंधन नाही.

आता गंमत बघा. २००९ मध्ये हार्वर्डच्या वेंकटेश मूर्ती यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांत दाखवलं की बल्बमध्ये सेरोटोनिन सुटलं की तिथल्या छोट्या शेजारपेशी गाबा (चेतापेशींना शांत करणारं रसायन) सोडतात, आणि नाकाकडून येणारा संदेश उंबरठ्यावरच मंदावतो. म्हणजे वास मेंदूत शिरण्याआधीच त्याचा जोर कमी होतो. त्याच गटानं २०१६ मध्ये पाहिलं की राफे उद्दीपित केल्यावर बल्बमधून बाहेर जाणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी वेगळं वागतात. टफ्टेड पेशींचा प्रतिसाद वाढतो, मायट्रल पेशींत काहींचा वाढतो आणि काहींचा घटतो, त्यामुळं दोन वास एकमेकांपासून अधिक वेगळे पडतात. त्याच वर्षी लिस्बनच्या झाकरी मेनन यांच्या गटाला वासाच्या कॉर्टेक्समध्ये तिसरीच गोष्ट दिसली: सेरोटोनिननं पेशींची आपसूक चालणारी कुजबुज कमी झाली, पण वासाला दिलेला प्रतिसाद तसाच राहिला. ग्रामसभेत मागची कुजबुज थांबली की बोलणाऱ्यानं आवाज न चढवताही ऐकू येतं, तसं काहीसं.

हे झालं वास जाणवण्याबद्दल. शिकण्याबद्दल माझं म्हणणं असं: वासाचा धडा गिरवण्यापेक्षा, जुना धडा चुकीचा ठरल्यावर तो सोडायला सेरोटोनिन लागतं. त्याचा पुरावा प्रतिसादांत देते, नाहीतर लेख फार लांबेल.

हळदगल्ली (सांगली)

मॅडम, चांगला विषय. आमचं दुकान मार्केट यार्डात. हंगामात बाहेरचा माणूस यार्डात शिरला की हळदीच्या वासानं आधी शिंकतो. आम्हाला मात्र दिवसभर काही जाणवत नाही. पण पेवातला माल आणि गोदामातला माल समोर ठेवा, डोळे मिटून वेगळा करून दाखवतो. दमट पोतं तर तोंड सोडलं की कळतं. वास येत नाही म्हणायचं आणि एवढा बारीक फरकही कळतो, हे दोन्ही सेरोटोनिनमुळंच का?

कृष्णाकाठची

काका, प्रश्न अगदी नेमका आहे, आणि पहिल्या अर्ध्याचं उत्तर "बहुतेक नाही" असं आहे. सतत एकच वास आला की नाकातल्या ग्राही पेशीही मंदावतात आणि वासाच्या कॉर्टेक्समधल्या ग्लुटामेटच्या (चेतापेशींना चेतवणाऱ्या रसायनाच्या) जोडण्याही. त्याला सवय होणं म्हणतात, आणि त्यासाठी सेरोटोनिनची गरज पडतेच असं नाही. म्हणूनच यार्डाबाहेर थोडा वेळ जाऊन आलात की वास पुन्हा जाणवतो.

दुसरं, पेव आणि गोदाम यांतला फरक ओळखणं, हे वर्षानुवर्षांचं शिकणं आहे. ज्या वासांवर तुमचा भाव ठरतो त्यांतला फरक मेंदू हळूहळू रुंद करत नेतो. वर लिहिलेला मायट्रल पेशींचा प्रयोग तिथं जवळचा वाटतो, पण तुमच्या नाकाचं श्रेय मी सेरोटोनिनला देणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडं नाही.

प्रश्नचिन्ह (कराड)

"जुना धडा सोडायला सेरोटोनिन लागतं" हे मोठं विधान आहे. पुरावा द्या. आणि सेरोटोनिनच्या पेशी बक्षिसालाही प्रतिसाद देतात असे शोधनिबंध आहेत ना? मग "आनंदाचं रसायन" अगदीच चूक कसं?

कृष्णाकाठची

देते. मेनन यांच्याच गटाचा २०१७ चा प्रयोग. डोकं पक्कं बसवलेल्या उंदरांना चार वास शिकवले. एका वासानंतर भरपूर पाणी, दुसऱ्यानंतर थोडं, तिसऱ्यानंतर काहीच नाही, चौथ्यानंतर तोंडावर हवेचा झोत. उंदीर हे शिकले, पाण्याशी जोडलेला वास आला की आधीच चाटायला लागले. मग एके दिवशी जोड्या उलटवल्या. ज्या वासानंतर पाणी मिळायचं त्यानंतर आता झोत, आणि उलट. धडा उलटला त्या दिवसांत राफेतल्या सेरोटोनिन पेशी अपेक्षाभंगाला जोरात प्रतिसाद देत होत्या. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं तरी, आणि वाईट घडलं तरी. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचं तसं नाही, ते चांगल्याला वर आणि वाईटाला खाली जातं. नंतर त्याच पेशी औषधानं शांत केल्या, तर उंदीर आधी फायद्याच्या असलेल्या वासाला चिकटून राहिले. पाणी येत नाही हे दिसत असूनही चाटत राहिले.

माकडांतही याच्या जवळचं दिसलं आहे, वास सोडून दृष्टीच्या चाचणीत. २००४ मध्ये केंब्रिजमध्ये मार्मोसेट माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं सेरोटोनिन कमी केलं. नवं शिकण्यात ती मागं पडली नाहीत, पण धडा उलटल्यावर जुन्या निवडीवरच अडून बसली.

बक्षिसाबद्दल तुमचं बरोबर आहे. बीजिंगमधल्या गटाला २०१४ मध्ये राफे उद्दीपित केल्यावर उंदीर त्या उद्दीपनासाठी धडपडताना दिसले. पण त्यांतल्या बऱ्याच पेशी सेरोटोनिनबरोबर ग्लुटामेटही सोडतात. उलट २०१५ मध्ये लिस्बनला सेरोटोनिन पेशी उद्दीपित केल्यावर उंदीर बक्षिसासाठी जास्त वेळ थांबले, पण ते उद्दीपन मिळावं म्हणून स्वतः काही केलं नाही. जपानमध्ये ओकिनावाच्या केंजी दोया यांच्या गटालाही हेच थांबणं दिसलं. आनंद हेच मुख्य काम असतं तर उंदरानं तो पुन्हा पुन्हा मागितला असता. थांबणं, आणि जग बदललं की आपणही बदलणं, या दोन गोष्टी मला आनंदापेक्षा जास्त भक्कम पुराव्यावर उभ्या दिसतात.

प्रश्नचिन्ह

डोकं पक्कं बसवलेल्या उंदरावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं मला अजून पटत नाही. पण पाण्याचा वास उलटवण्याचा प्रयोग चांगला आहे, हे मान्य. एक विचारतो. पिल्लांचं काय? त्यांच्याकडं सोडण्यासारखा जुना धडाच नसतो.

कृष्णाकाठची

या प्रश्नासाठी आभार, कारण इथं माझं विधान थोडं रुंद करावं लागतं. न्यूफाउंडलंडमध्ये जॉन मॅकलीन आणि कॅरोलिन हार्ली यांनी नवजात उंदीरपिल्लांवर काम केलं. पिल्लाला पुदिन्याचा वास द्यायचा आणि त्याच वेळी मऊ कुंचल्यानं अंग चोळायचं, आई चाटते तसं. पिल्लू दुसऱ्या दिवशी पुदिन्याकडं ओढलं जातं. बल्बमधलं सेरोटोनिन काढून टाकलं तर हे शिकणं होत नाही. पण नॉरअ‍ॅड्रेनालिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाच्या ग्राहींना औषधानं नेहमीपेक्षा जास्त जोर दिला तर ते पुन्हा होतं. म्हणजे मुख्य धडा नॉरअ‍ॅड्रेनालिन देतं, सेरोटोनिन त्याचं काम सोपं करतं. पिल्लात मदतनीस, मोठ्या प्राण्यात बदलाची जाणीव देणारं. एकाच रेणूची ही दोन्ही कामं आहेत, आणि मला ती परस्परविरोधी वाटत नाहीत.

आटपाडीकर

ताई, आमचं डाळिंब आहे. बहर धरला की मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवतो. पण माश्या आमचं फूल सोडून शेजारच्या शेवग्यावर जातात. त्यांना आमच्या डाळिंबाचा वास शिकवता येतो का? आणि फवारणी केल्यावर माशी बागेकडं फिरकत नाही असं आमच्याकडं म्हणतात. ती वास ओळखून टाळते, म्हंजे तिला कळतं असं धरायचं का?

कृष्णाकाठची

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर खरोखर काम झालेलं आहे.

पहिला प्रश्न. अर्जेंटिनात वॉल्टर फारिना यांच्या गटानं सूर्यफुलाच्या वासाशी मिळतं एक मिश्रण तयार केलं आणि ते साखरपाण्यात मिसळून पेटीतल्या माश्यांना पाजलं. पेटीतच माश्या तो वास शिकल्या, बाहेर पडून सूर्यफुलावर जास्त गेल्या, आणि पिकाचं उत्पन्न वाणानुसार २९ ते ५७ टक्के वाढलं. हे २०२० साली छापून आलं. डाळिंबासाठी असं तयार मिश्रण मला माहीत नाही, त्यामुळं कुणी विकायला आलं तर आधी एका कोपऱ्यात करून बघा. आजच करता येण्यासारखं म्हणजे, पेट्या फुलोऱ्याआधी ठेवू नका. थोडीफार फुलं उमलल्यावर आणा, म्हणजे नव्या जागी माशीला पहिला मध डाळिंबाचा मिळेल. शेवग्याची सवय लागायच्या आत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो थेट सेरोटोनिनचा आहे. जेराल्डिन राइट यांच्या गटानं २०१० मध्ये मधमाश्यांना वास आणि विषारी साखरपाणी यांची जोडी दिली. क्विनाइन माशीला तोंडाला लावताच कडू कळतं. हा वास टाळायला ती शिकते ते डोपामिनच्या मार्गानं. अमिग्डॅलिन मात्र तिला चवीवरून कळत नाही, पोटात गेल्यावर बिघडतं. तरी ती काही वेळानं त्याच्याबरोबरचा वास टाळायला लागते, आणि हे शिकणं सेरोटोनिनचे ग्राही अडवले की थांबतं. एकाच किड्याच्या मेंदूत दोन वेगळे रस्ते: जिभेवरचा कडूपणा एका रस्त्यानं, पोटातला त्रास दुसऱ्या. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होते.

पण याचा अर्थ माशीला प्रत्येक विष कळतं असा काढू नका. २०१५ मध्ये राइट यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवलं की इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथॉक्झाम या औषधांची चव मधमाशीला कळत नाही, उलट ती मिसळलेलं साखरपाणी ती जास्त पिते. ही दोन्ही नावं तुमच्या कीटकनाशकांच्या डब्यांवर सापडतील. फवारलेल्या बागेत माशी दिसत नाही याची कारणं अनेक असू शकतात, मेलेली माशीही दिसत नाहीच. म्हणून फुलोऱ्यात ही औषधं नकोतच. दुसरं काही मारायचं असेल तर संध्याकाळी माश्या पेटीत गेल्यावर, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगून.

आटपाडीकर

पेट्या आम्ही आधीच आणून ठेवायचो, भाडं तेवढंच पडतंय म्हणून. ह्या बहराला पाऊणएक आठवडा उशिरा आणतो. आणि इमिडाचं शेजाऱ्यालाही सांगतो, त्याच्या रानातनंच माश्या येतात-जातात.

मिरजेचा औषधवाला

पोटातला त्रास आणि वास ही जोडी आमच्या दुकानात रोज दिसते. केमोथेरपी घेणारे पेशंट ऑनडॅनसेट्रॉन न्यायला येतात. ते औषध सेरोटोनिनचे ५-एचटी-३ नावाचे ग्राही अडवतं. केमोच्या औषधांनी आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन ओततात, व्हेगस नाडीवरून संदेश वर जातो आणि उलटी होते. गोळीनं ती बरीच थांबते. पण नातेवाईक सांगतात की पुढच्या वेळी नुसता दवाखान्यातला वास आला, घरात फोडणीचा वास आला, तरी पेशंटला मळमळतं, आणि तेव्हा गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ताई, हे असं का?

कृष्णाकाठची

कारण ती मळमळ शिकलेली आहे. पहिल्या वेळची उलटी आतड्यातल्या सेरोटोनिनमुळं झाली, तिला गोळी अडवते. एकदा मेंदूनं "हा वास म्हणजे तो त्रास" अशी गाठ मारली की पुढं आतड्यातून सेरोटोनिन सुटायची वाटही बघावी लागत नाही, वास पुरतो. म्हणून डॉक्टर पहिल्या चक्रापासूनच उलटी होऊच नये यावर भर देतात. गाठ पडूच द्यायची नाही.

यावर एक अतिशय उपयोगी अभ्यास आहे. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टीन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एक नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं, नंतर ती मुलं ते टाळायला लागली. पुढच्या अभ्यासात जेवणानंतर आणि उपचाराआधी तीव्र चवीची गोळी चघळायला दिली. नावड बरीचशी त्या गोळीवर जाऊन बसली, जेवण वाचलं. तेव्हा केमोच्या दिवशी पेशंटच्या सगळ्यात आवडीचा पदार्थ घरात करू नये. प्रेमापोटी नेमकं तेच केलं जातं, आणि नंतर तो पदार्थ त्या माणसाला कायमचा नकोसा होऊ शकतो. काय द्यायचं हे अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

आणि हा धडा किती जुना आहे बघा. फक्त ३०२ चेतापेशी असलेला सी. एलिगन्स नावाचा सूक्ष्म कृमी रोगट जिवाणू खाऊन आजारी पडला की त्या जिवाणूचा वास टाळायला शिकतो, आणि त्या शिकण्याला त्याच्या मोजक्या चेतापेशींतलं सेरोटोनिन लागतं. कोरी बार्गमन यांच्या प्रयोगशाळेचं २००५ चं काम. कृमी, मधमाशी... इतक्या दूरच्या दोन प्राण्यांत पोट बिघडलं की वास लक्षात ठेवायला एकच रेणू.

नाव नको

मी डिप्रेशनसाठी एसएसआरआय गोळी घेते. मला कॉफीचा, गजऱ्याचा वास पूर्वीसारखा येत नाही. गोळीमुळं सेरोटोनिन वाढून वास दाबला जातो का? तुम्ही वर बल्बबद्दल लिहिलंय ते वाचून भीती वाटली.

कृष्णाकाठची

ताई, कृपा करून या धाग्यावरून गोळी बंद करू नका. वरचा प्रयोग उंदराच्या बल्बवर, काही क्षणांचा आहे. गोळीचा परिणाम आठवड्यांनी आणि साऱ्या मेंदूवर होतो, दोन्हींची तुलना करता येत नाही. शिवाय नैराश्यातच वासाची जाण कमी होते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नातं उलट्या बाजूनंही आहे. उंदराचे ऑलफॅक्टरी बल्ब काढले की त्याच्यात नैराश्यासारखे बदल दिसतात, आणि नैराश्यावरची औषधं बराच काळ दिल्यावर त्यांतले अनेक बदल निवळतात. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना हे नक्की सांगा आणि एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाक तपासून घ्या. कोविड होऊन गेला असेल तर तेही सांगा. त्यात बिघाड मुख्यतः नाकातल्या आधारपेशींत होतो, सेरोटोनिनचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तुम्ही हे इथं विचारलंत ते फार बरं केलंत.

माणदेशी

२०२० साली टोळधाड विदर्भापर्यंत आली होती. टोळांचंही सेरोटोनिन असतं असं ऐकलंय.

कृष्णाकाठची

बरोबर. एकटा राहणारा वाळवंटी टोळ काही तासांत थव्यात राहू लागतो, आणि ते घडवतं सेरोटोनिन. हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. दोन गोष्टींनी ते सुरू होतं: इतर टोळांचं दिसणं आणि त्यांचा वास एकत्र, किंवा मागच्या पायांना वारंवार होणारा स्पर्श. पण तिथं सेरोटोनिन वाढतं ते मेंदूत नाही, छातीतल्या चेतागंडिकांत. म्हणून आपल्या विषयाच्या थोडं बाहेरचं.

वाळव्याचा विद्यार्थी

मॅडम, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धडा उलटवण्याचा प्रयोग आमच्या कॉलेजात करता येईल का? उंदीर परवानगीशिवाय मिळणार नाहीत, आणि पेशी उद्दीपित करायला लेझर वगैरे तर नाहीच.

कृष्णाकाठची

येईल, मधमाशीवर. पेटीच्या दारातून काही माश्या काचेच्या बाटलीत घे, बर्फावर काही क्षण ठेव म्हणजे हालचाल मंदावेल, आणि प्रत्येकीला स्ट्रॉच्या तुकड्यात डोकं बाहेर राहील अशी बसव. जाग आल्यावर शृंगिकेला साखरपाणी लावलं की ती सोंड बाहेर काढते. आता आधी लवंगेच्या तेलाचा वास काही सेकंद, मग साखरपाणी. थोड्याच फेऱ्यांत नुसत्या वासाला सोंड निघू लागेल. दुसरा वास वेलदोड्याचा ठेव, त्यानंतर काहीच द्यायचं नाही. दोन्ही वास पक्के वेगळे झाले की उलटव: वेलदोड्यानंतर साखर, लवंगेनंतर काही नाही. कोणत्या फेरीत कोणती माशी बदलते ते मांड. काही पटकन बदलतील, काही लवंगेलाच सोंड काढत राहतील. हा फरकच तुझा निकाल आहे.

वास देताना हवेचा झोत सारखा ठेव, आणि जुना वास काढून टाकायला मागं एक छोटा पंखा लाव. नाहीतर खोलीतल्या लवंगेनं सगळं बिघडेल.

वाळव्याचा विद्यार्थी

सातेरी (आपल्याकडच्या देशी) माश्या चालतील का, की मेलिफेराच (युरोपीय जातीच्या) लागतील? मामा महाबळेश्वरला असतो, तिकडं सातेरीच्या पेट्या आहेत.

कृष्णाकाठची

सातेरी चालते, तिच्यावरही ही सोंडेची चाचणी झालेली आहे. फक्त ती लहान असते, स्ट्रॉ बारीक घे, आणि मेलिफेरापेक्षा लवकर बिथरते म्हणून बसवल्यावर साखर पाजून अंधारात थोडा वेळ शांत ठेव. पेट्या वाळव्यापर्यंत आणू नको, तूच तिकडं जाऊन कर. चाचणी झालेल्या माश्यांवर रंगाचा ठिपका लाव, म्हणजे तीच माशी दुसऱ्यांदा येणार नाही, आणि संध्याकाळच्या आत त्यांना पेटीजवळ सोड. आकडे आले की इथंच टाक, प्रश्नचिन्ह यांनाही ते बघायला आवडतील.